दुसऱ्या क्रमांकाचें सुतक

आमच्या परिचयाचे एक सुशिक्षित गृहस्थ आहेत. जुन्या विलायती तबकड्या जमविण्याचा त्यांस नाद आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं चार मित्रांस बोलावून त्या ऐकविण्याचाही. अशाच एका रविवारीं चहा झाल्यावर त्यांनीं अल्ट्राव्हॉक्स ह्या इंग्रजी वाद्यवृंदाचें 'व्हिएन्ना' हें गाणें लावलें. गाणें संपलें, सुई उचलली गेली, आणि यजमानांनीं सुतकी चेहऱ्यानें सांगितलें, "ह्या गाण्याला इंग्लंडांत पहिला क्रमांक कधींच मिळाला नाहीं. एका विदूषकानें तो हिरावून घेतला!" मंडळींनीं यथायोग्य हळहळ व्यक्त केली. एका वहिनींनीं तर आपल्या भावाची शंकरशेट शिष्यवृत्ती दोन गुणांनीं हुकल्याची हकीकत सांगून त्या दुःखांत आपलेंही दुःख मिसळलें. आम्ही तेवढे कोरडे राहिलों, आणि "हिरावून घेतला म्हणजे काय?" असें विचारून बसलों. यजमानांस राग आला. पुढची तबकडी लागली. बोलणें तेथेंच राहिलें. तें राहिलेलें बोलणें येथें पुरें करावयाचें आहे.

हें दुःख आमच्या स्नेह्यांचें एकट्याचें असतें तर त्यावर कागद खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु खुद्द इंग्लंडांत चाळीसांहून अधिक वर्षें तें पाळलें जात आहे, आणि २०१२ च्या अखेरीस तर त्यावर सरकारी नसला तरी अधिकृत म्हणतां येईल असा शिक्का मारण्यांत आला. बी. बी. सी. रेडिओच्या दुसऱ्या केंद्रानें आणि खपाचे तक्ते प्रसिद्ध करणाऱ्या ऑफिशियल चार्ट्‌स कंपनीनें मिळून श्रोत्यांचा कौल घेतला, कीं दुसऱ्या क्रमांकावरच अडकून राहिलेल्या गाण्यांपैकीं तुम्हांस सर्वांत प्रिय कोणतें? कौल 'व्हिएन्ना'च्या बाजूनें पडला, आणि त्या गाण्यास 'मानाचा पहिला क्रमांक' बहाल झाला. एकतीस वर्षांनीं अन्याय दूर झाला असें वृत्तपत्रांनीं समाधानानें छापलें. आमचें म्हणणें असें कीं, अन्याय मुळीं झालाच नव्हता. आणि जो दूर करण्यासाठीं म्हणून केला, तोच एक लहानसा अन्याय आहे.

ज्यांस हें प्रकरण ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत 'पंक' नांवाचें दांडगें संगीत उसळलें. त्याच्या मागोमाग जी मंडळी आली त्यांस 'न्यू वेव्ह', म्हणजे नवी लाट, असें नांव पडलें. नांव सैल आहे. न्यूयॉर्कची ब्लाँडी त्यांत येते आणि लंडनची अल्ट्राव्हॉक्सही येते. एकींचें गाणें नाचावयाचें, दुसऱ्यांचें बहुधा खिडकीबाहेर पाहत बसावयाचें. अल्ट्राव्हॉक्सनें १९७७ आणि १९७८ ह्या दोन वर्षांत जॉन फॉक्स ह्या गायकाच्या नेतृत्वाखालीं तीन मोठ्या तबकड्या काढल्या. त्यांतली एकही खपाच्या तक्त्यांत शिरली नाहीं. आयलंड कंपनीनें त्यांस निरोप दिला. फॉक्स बाहेर पडला. आणि १९७९ मध्यें मिज यूर हा स्कॉटलंडचा तरुण त्याच्या जागीं आला. नव्या चौकडीनें क्रिसालिस कंपनीसाठीं कॉनी प्लांक ह्या जर्मन ध्वनिमुद्रकाच्या हाताखालीं एक मोठी तबकडी केली, ती १९८० च्या जुलैंत निघाली. तिच्यांतून प्रथम 'स्लीपवॉक' हें गाणें लहान तबकडीवर काढलें, तें २९ व्या क्रमांकापर्यंत चढलें. दुसरें 'पासिंग स्ट्रेंजर्स', तें ५७ व्यावरच दमलें. तिसरें गाणें म्हणून 'व्हिएन्ना' काढावें असा वृंदाचा आग्रह होता, पण कंपनी कां-कूं करीत होती, असें यूर ह्यांनीं पुढें अनेकदां सांगितलें आहे. गाणें जवळजवळ पांच मिनिटांचें, चाल संथ, ठेका यंत्राचा, मध्येंच बिली करी ह्याच्या व्हायोलाची एक लांबलचक, जुन्या युरोपीय मैफलींतली वाटावी अशी तान, तेथें गाणें एकाएकीं धांवत सुटतें आणि पुन्हा पहिल्या संथपणावर येऊन थांबतें. असल्या मालाचा खप होईल असें कोणा व्यापाऱ्यास वाटावें? तरीही १९८१ च्या जानेवारींत तबकडी निघाली आणि चढूं लागली. सोबत एक चित्रफीतही होती. तींतल्या व्हिएन्ना शहराचा बराचसा भाग लंडनच्या कॉव्हेंट गार्डनांतच उभा केलेला आहे, परंतु तें असो.

१४ फेब्रुवारी १९८१ च्या तक्त्यांत 'व्हिएन्ना' दुसऱ्या क्रमांकावर आलें. पहिल्यावर जॉन लेनन ह्यांचें 'वुमन' होतें. लेनन ह्यांचा न्यूयॉर्कमध्यें ८ डिसेंबर १९८० रोजीं खून झाला होता, आणि त्या हिवाळ्यांत इंग्लंड त्यांचीं गाणीं विकत घेऊनच शोक करीत होतें. जानेवारीचे चार आठवडे त्यांचें दहा वर्षांपूर्वींचें 'इमॅजिन' पहिलें होतें, त्यामागून 'वुमन'. पुढच्या आठवड्यांत, २१ फेब्रुवारीस, 'वुमन' खालीं आलें. आतां 'व्हिएन्ना' वर जाणार असें ज्यांस वाटलें असेल त्यांच्या डोळ्यांदेखत जो डॉल्चे नांवाच्या इसमाचें 'शॅडॅप यू फेस' हें विनोदी गाणें उडी मारून पहिलें झालें. तें तेथें तीन आठवडे बसलें, आणि ते तिन्ही आठवडे 'व्हिएन्ना' त्याच्या पायाशीं. एकंदर चार आठवडे दुसरा क्रमांक. सुतक काय तें ह्या चार आठवड्यांचें.

आतां वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चार आठवड्यांपैकीं पहिल्या आठवड्यांत वाट अडविली ती लेनन ह्यांनीं. त्या आठवड्याविषयीं कोणीही हळहळत नाहीं. आमचे स्नेही लेनन ह्यांचें नांवही घेत नाहींत. क्रमांक हुकण्याचेंच जर दुःख असतें, तर तें चारही आठवडे सारखें असावयास हवें होतें. हिशेबाच्या वहींत दुसरा तो दुसराच. पण तसें होत नाहीं. लेननच्या मागें उभें राहणें हा मान. डॉल्चेच्या मागें उभें राहणें ही मानखंडना. म्हणजे जें डांचतें तें स्थान गेल्याचें नव्हे, तें कोणाकडे गेलें ह्याचें आहे. ही गोष्ट एकदां कबूल केली कीं पुष्कळसा धुरळा खालीं बसतो.

हा 'विदूषक' कोण होता? जो डॉल्चे ह्याचा जन्म अमेरिकेंत ओहायो प्रांतांत, इटालियन वंशाच्या घराण्यांत झाला. पुढें तो ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें जाऊन राहिला. देशांतर करून आलेल्या इटालियन कुटुंबांतील घरगुती इंग्रजी, म्हणजे आजीचें, काकांचें, स्वयंपाकघरांतलें, अर्धें मोडलेलें आणि अर्धें आपल्या मायबोलीच्या सुरांत वळवलेलें असें इंग्रजी, त्यानें उचललें आणि त्यावर हें गाणें रचलें. आई मुलास दटावते आहे, मुलगा मोठेपणाचीं स्वप्नें पाहतो आहे, एवढाच विषय. ऑस्ट्रेलियांत १९८० च्या अखेरीस तें आठ आठवडे पहिलें होतें. त्या देशांत युद्धानंतरच्या काळांत लाखों इटालियन आणि ग्रीक लोक जहाजांनीं आले. तेथल्या शाळांत त्यांच्या मुलांस त्यांच्या उच्चारांवरून चिडविण्यांत येई. अशा समाजांतून एक गाणारा उठतो आणि तोच उच्चार मोठ्यानें, न लाजतां, हंसतहंसत गातो. त्यांत उथळपणा नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. गाणें उथळ आहे. तिसऱ्यांदा ऐकवत नाहीं. चौथ्यांदा ऐकविणाऱ्याशीं आमचें भांडण होईल. पण ज्यानें तें फेब्रुवारींत दुकानांत जाऊन विकत घेतलें, त्यानें आपल्या खिशांतले पैसे मोजले, आणि त्याचे पैसे 'व्हिएन्ना' घेणाऱ्याच्या पैशांइतकेच खणखणीत होते. त्यानें कोणाचें काय हिरावलें?

सुशिक्षितांची ही मोजणीवरची नाराजी आम्हां मराठी लोकांस नवी नाहीं. उलट तिच्या इतिहासांत आमचा एक ठळक हात आहे. योगायोग असा कीं, इंग्लंडांतील खपाचा पहिला तक्ता आणि हिंदी चित्रपटगीतांची सर्वांत गाजलेली क्रमवारी ह्या दोहोंचीं मुळें एकाच हिवाळ्यांत रुजलीं. १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या लंडनच्या साप्ताहिकानें वीसेक दुकानांस दूरध्वनि करून आपला पहिला तक्ता छापला. तींत अल मार्टिनो हा गायक पहिला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी ह्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पुढें तिच्यांत 'पायदान' मोजण्याची प्रथा पडली. ही माला सिलोनहून कां सुरू झाली? तर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे विद्वान गृहस्थ १९५२ मध्यें नभोवाणीमंत्री झाले, आणि चित्रपटसंगीत हें आकाशवाणीस शोभण्यासारखें नाहीं, असा त्यांनीं निर्णय केला. अभिजात संगीताविषयींची त्यांची तळमळ खरी होती; अनेक थोर गायक-वादकांस त्यांच्या कारकीर्दींत नभोवाणीनें आश्रय दिला, हेंही नाकारतां येत नाहीं. पण परिणाम काय झाला? लोकांनीं रेडिओचा कांटा फिरविला आणि बुधवारीं रात्रीं सिलोन लावलें. १९५७ मध्यें आकाशवाणीस 'विविध भारती' काढून तीच गाणीं पुन्हा घरांत घ्यावीं लागलीं. लोकांस काय आवडावें ह्याचा निकाल आधीं देऊन मग त्यांची मोजणी करावयाची, हा उद्योग केसकर ह्यांना जमला नाहीं. रेडिओच्या दुसऱ्या केंद्रानें तो उलट्या क्रमानें केला, इतकेंच: मोजणी आधीं झालेली होती, निकाल मागाहून बदलला.

येथें कोणी असें म्हणेल कीं, "म्हणजे खप तोच गुण, असें तुमचें म्हणणें!" मुळींच नाहीं. खपाच्या तक्त्यास लोकमताचा कौल मानणारा जो दुसरा पंथ आहे, त्याचाही आम्हांस तितकाच कंटाळा आहे. हा पंथ दुकानदारांचा, आणि अलीकडे पुस्तकांच्या वेष्टनांवर आवृत्त्यांचे आंकडे छापणाऱ्या प्रकाशकांचाही. तक्ता काय मोजतो हें ज्यानें एकदां पाहिलें आहे, तो त्यास कौल म्हणणार नाहीं.

१९८१ मध्यें इंग्लंडांतला तक्ता ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो ही संस्था तयार करी. हें काम तिच्याकडे १९६९ पासून होतें आणि १९८२ च्या अखेरीपर्यंत राहिलें. देशांतील सर्व दुकानें मोजणें अशक्य, म्हणून कांहीं शें दुकानें निवडलेलीं असत. दुकानांतल्या पोऱ्यानें प्रत्येक विकलेल्या तबकडीचा क्रमांक एका वहींत हातानें टिपावयाचा आणि आठवड्याच्या शेवटीं ती वही टपालानें पाठवावयाची. गर्दीच्या शनिवारीं पोऱ्या काय टिपीत असेल आणि काय विसरत असेल, ह्याची कल्पना ज्यानें कधीं वाण्याच्या दुकानीं दिवाळींत उधारीची वही पाहिली आहे त्यास सहज येईल. १९७१ च्या आरंभीं टपालवाल्यांचा संप झाला तेव्हां ह्या वह्याच पोंचेनात, आणि देशाचें संगीतप्रेम कांहीं आठवडे अंदाजानें ठरवावें लागलें. शिवाय कोणतीं दुकानें निवडलेलीं आहेत हें कंपन्यांच्या फिरत्या विक्रेत्यांस बहुधा कळे. मग त्याच दुकानांतून आपल्याच तबकड्या विकत आणविणें, दुकानदारास चार तबकड्या फुकट देऊन वहींत दहा लिहवून घेणें, हे प्रकार चालत, आणि त्यांचा बोभाटाही झाला होता. १९८३ च्या जानेवारीपासून हें काम गॅलप कंपनीकडे गेलें आणि दुकानांत यंत्रें आलीं. त्यानंतर वहीचा घोळ कमी झाला.

ह्याहून मोठी गोष्ट अशी कीं, मोजणी चोख झाली तरी ती फक्त एका आठवड्याची असते. एखादें गाणें तीन आठवड्यांत वणव्यासारखें खपतें आणि विझतें. दुसरें तीन महिने मंद निखाऱ्यासारखें खपत राहतें. आठवड्याच्या तक्त्यांत पहिलें जिंकतें, वर्षाच्या हिशेबांत दुसरें. येथें नेमकें तेंच झालें: १९८१ सालच्या एकंदर खपांत 'व्हिएन्ना' हें 'शॅडॅप यू फेस'च्या पुढें होतें. आमच्या स्नेह्यांस हें ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर त्यांचें सुतक संपलें असतें कीं काय कोण जाणे. कांहीं लोकांस आपलें दुःख आंकड्यांहून प्रिय असतें.

मोजणारा बदलला कीं पहिलाही बदलतो, ह्याचा जुना दाखला १९६७ मधला आहे. बीटल्स मंडळींची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्‌स फॉरएव्हर' हीं दोन गाणीं पाठपोट असलेली तबकडी एंगेलबर्ट हंपर्डिंक ह्याच्या 'रिलीज मी'मुळें दुसरी राहिली, असें आज अधिकृत मानल्या जाणाऱ्या वहींत लिहिलेलें आहे. (हा हंपर्डिंक जन्मानें मद्रासचा; नांव अर्थात् उसनें.) पण त्याच वेळच्या 'मेलडी मेकर' ह्या साप्ताहिकाच्या तक्त्यांत बीटल्स पहिले होते. दोन्ही वह्या प्रामाणिक, दुकानें वेगळीं. १९७७ च्या जूनांत सेक्स पिस्टल्सची राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावर थुंकणारी तबकडी दुसरी राहिली, तेव्हां मात्र मोजणींतच हात घातला गेला असा संशय अनेकांनीं उघड बोलून दाखविला. तो संशय खरा असो वा खोटा, त्यास तक्रार म्हणतां येईल, कारण त्यांत मोजणाऱ्यावर आरोप आहे. 'व्हिएन्ना'च्या बाबतींत असा आरोप कोणीही केलेला नाहीं. डॉल्चेची तबकडी त्या तीन आठवड्यांत अधिक खपली, हें त्याचे शत्रूही मान्य करतात. मग तक्रार कशाची?

येथवर आम्हीं आंकड्यास बराच तुच्छ लेखला. पण तो निरुपद्रवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. आंकडा गुण मोजीत नाहीं हें खरें. तरी पोट कोणाचें भरावें हें तोच ठरवितो. अल्ट्राव्हॉक्सच्याच चरित्रांत हें स्वच्छ दिसतें. फॉक्सच्या काळचीं गाणीं वाईट होतीं म्हणून कंपनीनें निरोप दिला असें नाहीं. 'सिस्टिम्स ऑफ रोमान्स' ही त्या काळची तिसरी तबकडी आज जाणत्यांच्या मतें नव्या लाटेंतील आरंभीच्या महत्त्वाच्या तबकड्यांपैकीं एक आहे. पण ती तक्त्यांत नव्हती, आणि जी तक्त्यांत नाहीं ती कंपनीच्या बैठकींतही नसते. चार माणसें उघड्यावर आलीं. उलट, दुसऱ्या क्रमांकावरच्या चार आठवड्यांनीं पुढचीं पांचसहा वर्षें सुरक्षित केलीं. 'व्हिएन्ना'नंतर त्याच मोठ्या तबकडींतलें 'ऑल स्टुड स्टिल' आठवें आलें. मग 'द थिन वॉल' चौदावें, 'द व्हॉइस' सोळावें, १९८२ मध्यें 'रीप द वाइल्ड विंड' बारावें, 'हिम' अकरावें, आणि १९८४ मध्यें अणुयुद्धाच्या शेवटच्या रात्रीवरचें 'डान्सिंग विथ टिअर्स इन माय आइज' हें तिसरें. अल्ट्राव्हॉक्सला इंग्लंडांत पहिला क्रमांक कधींही मिळाला नाहीं, आणि त्यांचें कांहीं अडलें नाहीं. ज्यांच्याविषयीं हळहळावें असे कोणी ह्या गोष्टींत असतील, तर ते ५७ व्या क्रमांकाखालचे, ज्यांचें नांव वहीच्या बाहेर राहिलें ते. त्यांच्यासाठीं बी. बी. सी. कौल घेत नाहीं. घेणार कसा? त्यांचीं नांवें कौल देणाऱ्यांस माहीत असावयास हवीं ना!

आणि पहिल्या क्रमांकाचें माहात्म्यच पाहावयाचें असेल, तर खुद्द मिज यूर ह्यांच्या आयुष्यांत पाहावें. त्यांना तो एकाहून अधिक वेळां मिळालेला आहे. १९७६ च्या फेब्रुवारींत ते 'स्लिक' ह्या पोरसवदा वृंदाचे गायक असतांना 'फॉरएव्हर अँड एव्हर' हें दुसऱ्या व्यावसायिक गीतकारांनीं लिहिलेलें गाणें पहिलें आलें. आज तें कितीजणांस आठवतें? १९८४ च्या नाताळांत इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीं बॉब गेल्डॉफ ह्यांच्याबरोबर त्यांनीं जें गाणें रचलें, तेंही पहिलें. तें पुष्कळांस आठवतें, पण त्यांतला यूर ह्यांचा वाटा आठवत नाहीं. १९८५ मध्यें 'इफ आय वॉज' हें त्यांचें स्वतःच्या नांवावरचें गाणें पहिलें. इतके पहिले क्रमांक गांठीं असलेल्या माणसाची ओळख करून देतांना लोक ज्या गाण्याचें नांव घेतात तें मात्र दुसऱ्या क्रमांकाचें. आमच्या मतें ह्यांतच 'व्हिएन्ना'ची जी काय थोरवी आहे ती दिसते. तिला मानाच्या पहिल्या क्रमांकाची भीक घालणें म्हणजे ज्या मापानें ती मोजली गेली नाहीं, त्याच मापाचें श्रेष्ठत्व पुन्हा कबूल करणें. ज्यांना हें गाणें आवडतें त्यांनींच हा कबुलीजबाब लिहून द्यावा, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

खपाच्या वहींत एकच सद्गुण आहे: ती कोणाची भीड धरीत नाहीं. ती खुनानंतरच्या शोकास आणि शाळकरी मुलांच्या थट्टेस एकाच शाईनें लिहिते. १९८० च्या नाताळांत लेनन ह्यांच्या 'स्टार्टिंग ओव्हर'ला पहिल्या जागेवरून खालीं ओढलें तें सेंट विनिफ्रेड्‌स ह्या शाळेंतल्या मुलींच्या, आजीवरच्या एका बाळबोध गाण्यानें; वहीनें तेंही लिहून ठेवलें आणि भुंवई उंचावली नाहीं. त्या थंडींतलें इंग्लंड कसें होतें हें उद्यां कोणास जाणून घ्यावयाचें झालें, तर त्यास ह्या वहीइतका प्रामाणिक साक्षीदार क्वचित् मिळेल: रडणारें, मग आजीला भेटवस्तू म्हणून तबकडी घेणारें, मग पुन्हा रडणारें, मग एका इटालियन आईच्या दटावणीवर खदखदून हंसणारें, आणि हें सर्व होत असतां शेजारच्या खोलींत 'व्हिएन्ना' लावून बसणारें. एकतीस वर्षांनंतर, एकही पैसा न मोजतां, कौल देणाऱ्यांनीं ह्या साक्षीदाराच्या तोंडीं आपलीं वाक्यें घातलीं. मूळ वहींतला आंकडा पुसला नाहीं हें खरें, आणि कौल घेणारांचाही तसा दावा नव्हता. पण शेजारीं दुसरा आंकडा लिहिला, आणि पुढच्या वाचकास सांगितलें कीं खरा हा. ज्या कंपनीचें काम वही सांभाळण्याचें, तिनेंच ह्यांत भाग घ्यावा हें आम्हांस विशेष खटकतें. ग्रंथपालानें आवडत्या लेखकाचीं पुस्तकें दर्शनी कपाटांत मांडावीं, त्यास आमची ना नाहीं. नोंदवहींत त्यानें हात घालूं नये.

आणि त्या कौलांत जो डॉल्चे ह्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं. तो अजून मेलबर्नकडचाच मानला जातो. पुढें त्यानें कविता लिहिल्या, त्या ऑस्ट्रेलियांतील नियतकालिकांतून छापून आल्या, आणि कवि म्हणून त्यास तेथें मान्यताही मिळाली. इंग्लंडांत त्याचें नांव निघतें तें 'व्हिएन्ना'च्या वाटेंतला धोंडा म्हणून.

आमच्या स्नेह्यांस हा लेख छापील स्वरूपांत पोंचेल तेव्हां ते काय म्हणतील हें आम्ही जाणून आहों. ते म्हणतील, "तें सर्व ठीक, पण त्या तीन आठवड्यांत दोन्ही गाणीं ऐकून तुम्ही कोणती तबकडी विकत घेतली असती?" 'व्हिएन्ना' घेतली असती, आणि दुकानांतल्या पोऱ्यानें ती वहींत नीट टिपली कीं नाहीं हें मान वळवून पाहिलेंही असतें. तें टिपण मात्र एकच झालें असतें, आणि आमच्या मागच्या माणसानें 'शॅडॅप यू फेस' मागितल्यावर तेंही एकच. १४ मार्च १९८१ च्या तक्त्यांत ह्या दोहोंपैकीं कोणीच पहिलें नव्हतें. रॉक्सी म्यूझिक ह्या वृंदाचें 'जेलस गाय' वर आलें होतें. रॉक्सी म्यूझिकला इंग्लंडांत पहिला क्रमांक तेवढा एकदांच मिळाला. आणि गाणें त्यांचें नव्हतें, लेनन ह्यांचें होतें.